शिष्यवृत्ती आली, पण कुठल्या खात्यात?



धाटावच्या कारखान्यात कामाला जाणारे रोह्याचे एक भाऊ परवा भेटले. त्यांची मुलगी रोज गाडीने पेणला कॉलेजला जाते. "शिष्यवृत्ती जमा झाली असं कॉलेज सांगतं, पण पासबुकात दमडी नाही. मी पोरीवरच संशय घेतला हो!" बोलताना त्यांचा आवाज कापत होता.

पैसे अखेर सापडले. मुलीने मागे मोबाईलच्या दुकानात अंगठा लावून एक खाते उघडले होते आणि ती ते विसरूनही गेली होती. रक्कम तिथे पडून होती!

असे का होते? मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरतात. रक्कम मात्र आधार क्रमांकावरून जाते. एकच आधार क्रमांक अनेक खात्यांना दिलेला असला तरी सरकारी पैसा एकाच खात्यात पडतो. बहुधा शेवटी जोडलेल्या. म्हणून अर्जाआधीच बँकेत विचारा, 'आधार सीडिंग कुठल्या खात्याला आहे?' हवे ते खाते नसेल तर तिथेच फॉर्म भरून द्या.

दुसरी गोष्ट. २०२०-२१ पासून या शिष्यवृत्तीत केंद्राचा हिस्सा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के आहे. दोन्ही हिस्से एकाच दिवशी येतील असे नाही. केंद्राचा हिस्सा थेट मुलांच्या खात्यात येतो आणि त्यात कॉलेजची फी असते. तेवढी रक्कम लगेच कॉलेजात भरून पावती जपा. घरखर्चात ती गेली, तर पुढे फीसाठी कर्ज काढायची पाळी येते.

पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे. दरवर्षी नूतनीकरणही विसरू नका. अडचण कॉलेजात सुटली नाही, तर अलिबागला समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

१९१३ साली बाबासाहेब अमेरिकेला गेले ते बडोदे संस्थानच्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. १९१७ मध्ये तिची मुदत संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. १९२० साली ते पुन्हा गेले आणि शिक्षण पुरे केले. शिष्यवृत्तीचा पैसा थांबला की काय होते, हे आपल्या घराला वेगळे सांगायला नको.

तेव्हा आई-बाबांनो, पैसे दिसले नाहीत तर लेकरावर रागावू नका. त्याला सोबत घेऊन आधी बँकेत जा.