संशय आधी कोणावर? 'मूनस्टोन' आणि सोलापूरची सेटलमेंट

आंबेडकरी तरुणाने इंग्रजांच्या रहस्यकथा कशासाठी वाचायच्या, असा प्रश्न आमच्या अभ्यासवर्गात नेहमी येतो. बाबासाहेबांचे खंड कपाटात न उघडता पडलेले असताना दीडशे वर्षांपूर्वीच्या हिऱ्याच्या चोरीत वेळ का घालवायचा? प्रश्न रास्त आहे. तरीही विल्की कॉलिन्सची 'द मूनस्टोन' ही कादंबरी सोलापूरच्या तरुणाने वाचलीच पाहिजे, असे आमचे ठाम मत आहे. चोरी झाली की संशय आधी कोणावर जातो, हा या कादंबरीचा खरा विषय आहे. आणि याच संशयाने आपल्या शहरात हजारो माणसांना तारेच्या कुंपणात डांबले होते.

पुढे आम्ही चोर कोण ते सांगणार आहोत. ज्यांना आधी कादंबरी वाचायची असेल त्यांनी इथेच थांबावे. स्वामित्वहक्काची मुदत कधीच संपल्याने ती मोबाईलवर फुकट मिळते.

१८६८ साली चार्ल्स डिकन्सच्या साप्ताहिकातून ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले, टिपू सुलतान मारला गेला आणि इंग्रज फौजेने शहर लुटले. त्या लुटीत हर्नकॅसल नावाचा अधिकारी खून करून एक पिवळा हिरा पळवतो, इथून कथा सुरू होते. पुढे हा हिरा त्याची भाची रॅचेल हिला अठराव्या वाढदिवसाला भेट मिळतो आणि त्याच रात्री तिच्या खोलीतून नाहीसा होतो. म्हणजे चोरीला गेलेला माल मुळातच चोरीचा. हे लेखक पहिल्याच पानांवर सांगून टाकतो. साम्राज्य भरात असताना साम्राज्याची तिजोरी लुटीची आहे असे सुचवणे ही लहान गोष्ट नव्हती.

आता संशयाचा प्रवास पाहा. बंगल्याबाहेर तीन हिंदी जादूगार खेळ करून गेलेले असतात. पहिला हात त्यांच्यावर पडतो. पुरावा काही नाही, तरी कायदा थोडा ताणून त्यांना आठवडाभर कोठडीत ठेवले जाते. मग पोलीस सुपरिंटेंडंट सीग्रेव्ह नोकरांकडे वळतो आणि मोलकरणींच्या खोल्यांवर पहारा बसवतो. त्यानंतर लंडनहून नामांकित सार्जंट कफ येतो. त्याची नजर रोझाना या मोलकरणीवर ठरते, कारण ती पूर्वी चोरीसाठी शिक्षा भोगून आलेली आहे. तुरुंग, सुधारगृह आणि मग मोलकरीण अशी तिची वाटचाल. कफ हुशार आहे, न्यायी आहे, नोकरांशी माणुसकीने वागतो. तरी त्याचा निष्कर्ष साफ चुकतो. मालकिणीच्या मुलीनेच हिरा लपवला आणि रोझानाने तिला मदत केली, असे तो मांडतो. रोझाना चोर नसते. ज्याच्यावर तिचे एकतर्फी प्रेम आहे त्या फ्रँकलिनला वाचवण्यासाठी तिने एक पुरावा दडवलेला असतो. अखेर ती रुतणाऱ्या वाळूत जीव देते.

खरा चोर कोण? गॉडफ्रे एबलव्हाइट. महिलांच्या धर्मादाय संस्थांचा लाडका पुढारी, व्यासपीठावर गोड बोलणारा, धार्मिक, देखणा. एका अल्पवयीन मुलाच्या नावाचे २०,००० पौंड त्याच्याकडे विश्वासाने सोपवलेले असतात आणि ते त्याने चैनीत उडवलेले असतात. फ्रँकलिनला कोणीतरी गुपचूप अफू पाजलेली असते. त्या गुंगीत, स्वतःच्याही नकळत, तो हिरा उचलतो. गॉडफ्रे तो त्याच्याकडून घेऊन सरळ सावकाराकडे गहाण टाकतो. शेवटी हा सभ्य गृहस्थ हिरा घेऊन पळू पाहतो तेव्हा कोणते सोंग घेतो? चेहऱ्याला रंग फासून सावळ्या खलाशाचे! गोरा चोरही चोरीचा माल घेऊन निघाला की काळा चेहरा उसना घेतो. आमच्या मते हा एक प्रसंग शंभर भाषणांच्या तोडीचा आहे.

गुंता सोडवतो तो एझ्रा जेनिंग्ज. मिश्र रक्ताचा, विचित्र दिसणारा, न केलेल्या गुन्ह्याचा कलंक घेऊन जगणारा डॉक्टरचा मदतनीस. गाव त्याच्याकडे पाहून नाक मुरडते, पण प्रयोग करून, साक्षीदारांसमोर सत्य तोच सिद्ध करतो. ऐकीव गोष्ट, परंपरा, मोठ्या माणसाचा शब्द यांवर विसंबू नका, स्वतः तपासा, असे तथागतांनी कालामांना सांगितले. चांगली रहस्यकथा वाचकाला हेच शिकवते. तिची ओढ नुसत्या थरारात नाही. आपला स्वतःचा संशय खोटा ठरताना पाहण्यात ती आहे.

पण इतिहास कादंबरीच्या उलट चालला. 'मूनस्टोन' प्रसिद्ध झाल्यानंतर तीनच वर्षांनी, १८७१ मध्ये, त्याच साम्राज्याने हिंदुस्थानात गुन्हेगार जमाती कायदा केला. त्यामागचा तर्क असा, की इथे धंदे जातीने चालतात, सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगार होणार. हा तर्क इंग्रजांनी विलायतेहून आणला नव्हता. तर्क मनूचा, सही इंग्रजाची! विलायतेत कादंबरीतल्या चोरालाही पुरावा लागत होता. इथे जन्म हाच पुरावा ठरला.

ही समजूत एका दिवसात तयार झाली नव्हती. १८३९ मध्ये फिलिप मेडोज टेलरची ठगांवरची कादंबरी विलायतेत गाजली. हाच टेलर १८५३ नंतर आपल्या शेजारच्या नळदुर्गात कारभार पाहत होता. अशा लिखाणातून आणि स्लीमनच्या ठगी खात्याच्या अहवालांतून 'पिढीजात गुन्हेगार' हे चित्र गोऱ्या वाचकांच्या मनात पक्के झाले.

१९११ मध्ये हा कायदा आणखी कडक आणि व्यापक झाला. मुंबई इलाख्यात वसाहती उभ्या राहिल्या आणि त्यांतली एक मोठी वसाहत सोलापूरची. नावाची नोंद, बोटांचे ठसे, पोलिसांपुढे हजेरी, बाहेर पडायला परवाना. कैकाडी, पारधी, टकारी, भामटा, कंजारभाट अशा समाजांची माणसे आत ठेवली आणि त्यांचे हात आपल्या कापडगिरण्यांना जुंपले. सुधारणा हे नाव होते, स्वस्त मजूर हे काम होते. शहराच्या त्या भागाला आजही लोक 'सेटलमेंट' म्हणतात. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना आपण तो शब्द सहज उच्चारतो आणि त्यातली कोठडी आपल्याला ऐकू येत नाही.

या वसाहतींचे प्रमुख अधिकारी स्टार्ट यांच्याच अध्यक्षतेखाली अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करणारी समिती १९२८ मध्ये नेमली गेली. तिचा अहवाल १९३० चा. बाबासाहेब त्या समितीचे सदस्य होते. गुन्हेगार ठरवलेल्या जमातींचा प्रश्न त्यांनी पुढे आपल्या लेखनातही उचलला आणि बोट त्या जमातींकडे न दाखवता, ज्या संस्कृतीने माणसांवर ही पाळी आणली तिच्याकडे दाखवले. संशयिताकडून व्यवस्थेकडे तपास वळवणे याला म्हणतात शोध. 'शूद्र पूर्वी कोण होते' आणि 'अस्पृश्य' हे ग्रंथ याच नजरेने वाचून पाहा. विखुरलेले दुवे गोळा करायचे, प्रत्येक जुने उत्तर तपासून खोडायचे आणि मग आपला निष्कर्ष मांडायचा.

'मूनस्टोन' डोक्यावर घेऊन नाचावे असेही आम्ही म्हणत नाही. कॉलिन्सची सहानुभूती जिथे थांबते तिथे आपले वाचन सुरू झाले पाहिजे. ते तीन जादूगार खरे जादूगार नसतातच. सोमनाथच्या देवाचा हिरा परत न्यायला आलेले ते ब्राह्मण आहेत. बंगल्यातली चोरी त्यांची नाही, पण शेवटी हिऱ्यासाठी ते गॉडफ्रेचा खून करतात. समुद्र ओलांडून, खेळ करणाऱ्यांचे सोंग घेऊन त्यांनी आपली जात गमावली, म्हणून लेखक त्यांच्या त्यागापुढे नतमस्तक होतो. आमचा सवाल सरळ आहे. ब्राह्मणाने चार दिवस डोंबाऱ्याचे सोंग घेतले तर तो महान त्याग, आणि डोंबारी पिढ्यानपिढ्या दोरीवर चालून पोट भरतो त्याला काय म्हणायचे? त्या देवळाच्या पायरीबाहेर कोण उभे होते, हे कॉलिन्सला दिसलेच नाही. त्याचा एक प्रवासी तर 'हिंदू-बौद्ध' यात्रेकरू बनून सोमनाथला जातो! ही खिचडी आजही कोण शिजवते ते वाचकांना सांगायला नको.

ही उणीव भरून काढली ती आपल्या लेखकांनी. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडने मराठी वाचकाला रहस्यकथेचे वेड लावले. पण ज्याच्यावर संशय घेतला जातो त्याची बाजू अण्णाभाऊंच्या 'फकिरा'ने १९५९ मध्ये मांडली आणि ती कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. लक्ष्मण मानेंचे 'उपरा' १९८० मध्ये, लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' १९८७ मध्ये आले. रोझानाची साक्ष तिच्या मृत्यूनंतर सापडलेल्या पत्रातून मिळते. आपल्याकडे संशयिताने जिवंतपणी स्वतःची साक्ष लिहिली. म्हणून 'मूनस्टोन' आणि 'उचल्या' एकाच महिन्यात, एकाच अभ्यासवर्गात वाचा. दोन्हींचा अर्थ बदललेला दिसेल.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभरातून तो कायदा गेला. त्या दिवशी आपण विमुक्त दिन पाळतो. मात्र 'सराईत गुन्हेगार' नावाचे कायदे मागे राहिले. ३ ऑक्टोबर २०२४ ला सुकन्या शांता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगातली जातीवर आधारलेली कामवाटणी रद्द करावी लागली आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीने अटक होऊ नये, हेही पोलिसांना बजावावे लागले. तारेचे कुंपण उखडून सत्तर वर्षे झाली तरी हे सांगावे लागते, याचा अर्थ कुंपण डोक्यात शिल्लक आहे.

ते फक्त पोलिसांच्या डोक्यात आहे असेही नाही. आपल्या भीमनगरांतही मोटारसायकल गेली की पहिले बोट शेजारच्या पारध्यांच्या पालाकडे जाते. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला गेला त्यांच्या लेकरांनी दुसऱ्याच्या जन्मावर संशय घ्यावा, हे बाबासाहेबांच्या अनुयायांना शोभत नाही. बोट उचलण्याआधी पुरावा मागा. आणि पुरावा शोधताना झोपडीच्या आधी बंगल्यात, पालाच्या आधी ट्रस्टच्या हिशेबाच्या वहीत डोकवा. गॉडफ्रे एबलव्हाइट तिथे हार घालून बसलेला असतो.

जय भीम!