स्वस्ताई कोणाच्या जिवावर?

‘अमेरिकेत पगार मोठा, तसा खर्चही मोठा. तिथे केस कापायला पंचवीस डॉलर मोजावे लागतात, इथे शंभर रुपयांत काम होतं. तिथे भांडी स्वतः घासायची, इथे मावशी येतात. मग सुखी कोण?’ मराठी मध्यमवर्गाचा हा आवडता युक्तिवाद आहे. आता त्याला क्रयशक्ती समतुल्यतेचं, म्हणजे तेवढ्याच पैशात कुठे किती विकत येतं या मोजमापाचं, शास्त्रीय पाठबळही दिलं जातं.

या पूर्वपक्षात जेवढं खरं आहे ते आधी मान्य करू. रुपयांचे डॉलर करून दोन देशांची तुलना करणं चूकच आहे. 2023 साली बाजारातल्या विनिमय दराने अमेरिकेचं दरडोई उत्पन्न भारताच्या तीसपटीहून अधिक भरत होतं. किमतींतला फरक धरला की ते साधारण आठपटीवर येतं. आयर्विंग क्रॅव्हिस, अ‍ॅलन हेस्टन आणि रॉबर्ट समर्स यांनी 1968 पासून देशोदेशींच्या किमती गोळा करण्याचं जे काम उभारलं, त्यामुळेच ही दुरुस्ती शक्य झाली. मात्र दुरुस्तीनंतरही आठपटीचं अंतर उरतं, हे आपल्या दिवाणखान्यांत कोणी सांगत नाही.

खरा प्रश्न त्यापुढचा आहे. इथली स्वस्ताई येते कुठून? बेला बालासा आणि पॉल सॅम्युएलसन यांनी 1964 मध्ये याचा उलगडा केला. श्रीमंत देशातला कारखाना गरीब देशातल्या कारखान्याहून कितीतरी अधिक उत्पादन काढतो. पण न्यूयॉर्कचा न्हावी नागपूरच्या न्हाव्यापेक्षा काही दहापट डोकी भादरत नाही. तरी त्याला पैसे जास्त मिळतात, कारण दुकान बंद करून तो दुसऱ्या कामावर गेला तर तिथेही मजुरी चढीच असते. आपल्या न्हाव्यापुढे तसा पर्याय नाही. आपले वाचलेले पैसे म्हणजे त्याला न मिळालेली मजुरी.

त्या मजुरीत त्याला काय विकत घेता येतं? मजूर माणूस स्वयंपाकीण किंवा ड्रायव्हर ठेवत नाही, त्यामुळे सेवांच्या स्वस्ताईचा त्याला फारसा उपयोग नसतो. 2024-25 मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची दिवसाची मजुरी 297 रुपये होती. तेवढ्यात तीन लिटर पेट्रोलही येत नव्हतं. अमेरिकेतलं संघीय किमान वेतन 2009 पासून ताशी सव्वासात डॉलरवर अडकलेलं आहे, तरी त्या एका तासाच्या पैशात तिथे सात-आठ लिटर पेट्रोल मिळत होतं. आपल्या पेट्रोलवर कर जास्त आहेत, हे कबूल. ते वजा केले तरी इथला दिवस तिथल्या तासाला गाठत नाही.

पूर्वपक्षाची एक कसोटी घेऊ. उद्या घरकाम करणाऱ्या बाईचा पगार चौपट झाला, तर या पूर्वपक्षाच्या हिशेबाने आपलं राहणीमान घसरलं. तिच्या घरात दूध वाढलं, मुलगी शाळेत टिकली, हे त्या हिशेबात बसतच नाही. ज्या मापाला बहुसंख्यांची बढती म्हणजे घसरण वाटते, ते माप देशाचं नव्हे, एका वर्गाच्या सोयीचं.

‘पण तिथेही गरिबी आहे!’ आहेच. न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या कृष्णवर्णीय पुरुषांची 65 वर्षांपर्यंत जगण्याची शक्यता बांगलादेशातल्या पुरुषांहून कमी आहे, असं 1990 मध्ये मकॉर्ड आणि फ्रीमन या डॉक्टरांनी दाखवून दिलं. मात्र त्यातून आपली सुबत्ता सिद्ध होत नाही. श्रीमंत देशाची सरासरीही तळाचं दुःख झाकते, एवढंच सिद्ध होतं; आणि आमचं म्हणणं तरी दुसरं काय आहे?

म्हणून तुलना तळापासून करावी. ही दृष्टी आपल्याला परकी नाही. दादाभाई नौरोजींनी हिंदी माणसाचं वार्षिक उत्पन्न वीस रुपये काढलं आणि ते तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राच्या खर्चाशेजारी ठेवलं; उत्पन्नच कमी भरलं. 1971 मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी दारिद्र्यरेषा आखली ती माणशी रोजच्या 2,250 कॅलरींवर. जगायला किती लागतं आणि हातात किती पडतं, हाच तिघांचा प्रश्न होता.

या मापाने गरीब देशाच्या पदरात केवळ अपयशच पडतं असंही नाही. 2020 साली हजार जिवंत जन्मांमागे दगावणारी अर्भकं भारतात 28, महाराष्ट्रात 16, केरळमध्ये 6 आणि अमेरिकेत 5 ते 6 होती. केरळचं उत्पन्न अमेरिकेच्या पासंगालाही पुरत नाही. मुलींच्या शिक्षणावर आणि गावोगावच्या आरोग्य केंद्रांवर तिथे पिढ्यान् पिढ्या खर्च झाला, म्हणून ही मुलं वाचली. अमेरिकेशी बरोबरी सांगायची तर ती या आकड्यावर सांगावी. स्वस्त मजुरीवर सांगितलेली बरोबरी ही आपल्याच माणसांच्या गरिबीची जाहिरात आहे.