शहराची मागची बाजू

जुन्या इमारती दाखवल्या की मामा गप्प बसतो, अशी आमच्या भाच्याची ठाम समजूत आहे. म्हणून इंग्लंडात पोचल्याच्या चौथ्या दिवशी त्याने मला बाथला नेलं. गावाच्या नावावर विसंबून मी पिशवीत टॉवेल टाकला होता. रोमन लोकांचं ते कुंड नुसतं बघायचं असतं, हे तिथे गेल्यावर कळलं.

बाथमध्ये रॉयल क्रेसेंट नावाची तीस घरांची दगडी चंद्रकोर आहे. धाकट्या जॉन वुडने ती १७६७ ते १७७४ या काळात उभारली. मधाच्या रंगाचा दगड, खांबांची एकसारखी रांग. मी मनापासून "वा!" म्हटलं आणि सवयीने मागच्या बाजूला गेलो. लग्नघरीदेखील मी मांडवाआधी मुदपाकखाना बघतो. मागे सगळा आनंद! एकाचं छप्पर वर, दुसऱ्याचं खाली, खिडकी कुठेही.

"मामा, वुडने फक्त दर्शनी बाजू ठरवून दिली," भाचा म्हणाला. "मागे ज्याने त्याने आपापला गवंडी लावला."

म्हटलं, इथेच सापडलं! पुढच्या बाजूला सगळे वाली, मागच्या बाजूला कोणी नाही.

१९४२ च्या एप्रिलमध्ये जर्मनांनी या गावावर बॉम्ब टाकले. चारशेच्या वर माणसं गेली. असेम्ब्ली रूम्स ही नाचगाण्याची देखणी इमारत जळून नुसत्या भिंती उरल्या. लोकांनी ती पुन्हा उभी केली, १९६३ साली उघडली. शाबास!

पण त्याच सुमारास गावाच्या कारभाऱ्यांनी स्वतःच पाडकाम काढलं. बड्यांच्या चंद्रकोरींमागे कारागिरांची, दुकानदारांची साधी घरं होती. शतक तेच, दगड तोच, फक्त खांब नव्हते. त्यांच्या ओळीच्या ओळी गेल्या. १९७३ साली अॅडम फर्ग्युसन यांनी 'द सॅक ऑफ बाथ' हे पुस्तक लिहून बोंब मारली, तेव्हा कुठे लोक खडबडून जागे झाले.

स्टेशनाजवळच्या साउथगेटची कथा तर ऐकाच. तिथली उरलीसुरली जुनी घरं पाडून काँक्रीटचा बाजार बांधला. तो पस्तीसएक वर्षांत नकोसा झाला आणि २००७ साली पाडायला घेतला. त्या जागी आता जुन्या जॉर्जियन घाटाचा नवा बाजार आहे! म्हणजे सोन्याची पाटली मोडून पितळेची केली आणि मग पितळेला सोन्याचा मुलामा दिला. घडणावळ दोनदा.

"पण मामा, त्या घरांत ओल होती. संडास अंगणात. लोकांनी काय म्युझियममध्ये राहायचं?"

प्रश्न रास्त आहे. ओलीत राहण्याची हौस कोणाला नसते. पण ओल काय चंद्रकोरीला ओळखून लांबून जाते? बड्या घराला ओल आली की तिला 'जीर्णोद्धार' म्हणतात, साध्या घराला आली की 'असाध्य रोग'. एकाला वैद्य, दुसऱ्याला बुलडोझर! अहो, ज्यांनी छप्पर जळालेल्या नाचघरात प्राण फुंकले, त्यांना छप्पर शाबूत असलेल्या घरात एक नळ आणि एक न्हाणीघर घालता येऊ नये?

युनेस्कोने १९८७ साली अख्खं बाथच जागतिक वारसा ठरवलं, म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. लिव्हरपूललाही तो मान होता. तिथे धक्क्याकाठी नवी बांधकामं वाढली आणि २०२१ साली यादीतून नाव कटाप. पाटी लावता येते तशी उतरवताही येते.

माझं म्हणणं एवढंच आहे. पाडा, पण आधी तीन प्रश्नांची उत्तरं द्या. दुरुस्ती करून पाहिली का? राहणाऱ्यांनी जायचं कुठे? आणि नवं येणार ते, जुनं टिकलं त्याच्या निम्मं तरी टिकेल का?

परतताना भाच्याने विचारलं, "मामा, सगळ्यात काय आवडलं?"

मी एका गल्लीतलं दोन खिडक्यांचं घर दाखवलं. मागच्या अंगणात दोरीवर कपडे वाळत होते.

"यात काय आहे बघण्यासारखं?"

"माणसं राहतायत," मी म्हटलं.

तो गप्प बसला. माझा टॉवेल मात्र कोरडाच घरी आला.