उपग्रह सर्वांचे, सागरी नकाशा कोणाचा?

येडशीच्या बालाघाटी माथ्यावरून अरबी समुद्र सरळ रेषेत मोजला, तरी तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. तेव्हा कोकणातील मच्छीमाराने आपल्या नौकेवर कोणते जीपीएस यंत्र बसवावे आणि त्यात कोणते इलेक्ट्रॉनिक सागरी नकाशे भरावेत, हा प्रश्न मराठवाड्यातील वाचकाला परका वाटणे स्वाभाविक आहे. तथापि हा प्रश्न केवळ यंत्राचा नाही. कोणती वस्तू समाजाने सर्वांसाठी पुरवावी, कोणती बाजारावर सोपवावी आणि निवड एकाने करून तिची जोखीम दुसऱ्याने उचलावी हा व्यवहार कितपत न्याय्य मानावा, असे अर्थशास्त्रातील तीन जुने प्रश्न त्यात गुंतलेले आहेत. त्यांचा संबंध जितका किनाऱ्याशी आहे, तितकाच दुष्काळी पठाराशीही आहे.

येडशीहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा चौपदरी महामार्ग पथकराच्या तत्त्वावर बांधला गेला. नाका आडवा घालता येतो. जो पैसे भरील तो पुढे जाईल. समुद्रावर टाकलेल्या प्रकाशाला मात्र असा नाका घालता येत नाही. दीपगृहाचा झोत एका गलबताने पाहिला म्हणून दुसऱ्याच्या वाट्याचा प्रकाश कमी होत नाही आणि पैसे न देणाऱ्याचे डोळेही झाकता येत नाहीत. म्हणूनच जॉन स्टुअर्ट मिलपासून पॉल सॅम्युएल्सनपर्यंतच्या अर्थशास्त्रज्ञांनी सार्वजनिक वस्तूचे उदाहरण म्हणून दीपगृहाकडे बोट दाखविले. रोनाल्ड कोसने १९७४ साली या परंपरेला छेद दिला. इंग्लंडमधील दीपगृहांचा खर्च बंदरात येणाऱ्या जहाजांकडून शुल्क घेऊन भागविला जात असे, हे त्याने दाखवून दिले. आपल्याकडेही १९२७ च्या दीपगृह कायद्याने हीच रीत ठेवली होती, आणि त्याची जागा घेणाऱ्या २०२१ च्या कायद्यानेही ती मोडलेली नाही. वाद पैसे कोणी भरावेत याविषयी आहे. दिवा सर्वांसाठी लागला पाहिजे, याविषयी कोणाचेच दुमत नाही.

आकाशातील नवे दीपगृह

जीपीएस हे याच जातीचे दीपगृह होय. फरक इतकाच की ते सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवर आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने उभारलेली ही व्यवस्था मुळात लष्करी होती. १ सप्टेंबर १९८३ रोजी वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेले दक्षिण कोरियाचे प्रवासी विमान पाडले गेले आणि २६९ माणसे प्राणास मुकली. त्यानंतर ही सेवा नागरी वापरासाठी खुली करण्याचे अमेरिकेने जाहीर केले. तरीही नागरी संदेशात मुद्दाम चूक मिसळली जात असे आणि स्थानात शंभर मीटरपर्यंत फरक पडे. मे २००० च्या आरंभी ही मिसळ थांबविण्यात आली, आणि तेव्हापासून सामान्य यंत्रही काही मीटरांच्या आत स्थान सांगू लागले.

परक्याच्या दिव्यावर कायम विसंबता येत नाही, हे ओळखून भारताने २००६ साली स्वतःच्या व्यवस्थेस मंजुरी दिली. २०१३ ते २०१६ या काळात सात उपग्रहांची रचना उभी राहिली आणि तिला 'नाविक' हे समर्पक नाव मिळाले. पुढे काही उपग्रहांतील परदेशी अणुघड्याळे निकामी झाली. २०२३ साली स्वदेशी घड्याळ असलेला नवा उपग्रह गेला. जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला त्याच्या पुढचा उपग्रह मात्र नियोजित कक्षेत पोहोचू शकला नाही. तात्पर्य, एकाच उपग्रहव्यवस्थेवर चालणारे यंत्र घेणे शहाणपणाचे नाही. लाल समुद्र, पर्शियन आखात आणि बाल्टिक समुद्र येथे अलीकडच्या वर्षांत जीपीएसचे संदेश दडपण्याचे व खोटे स्थान दाखविण्याचे प्रकार वारंवार घडले आहेत. आकाशातला दिवाही विझविता येतो किंवा भलतीकडे हलविता येतो, ही जाणीव यंत्र विकत घेणाऱ्याने ठेवलीच पाहिजे.

स्थान म्हणजे मार्ग नव्हे

खरी गफलत यापुढे होते. उपग्रह नौका कोठे आहे एवढेच सांगतात. तिच्या खाली किती पाणी आहे, पुढे खडक आहे की वाळूचा दांडा, हे त्यांना ठाऊक नसते. ते सांगतो नकाशा, आणि नकाशा आकाशातून पडत नाही. सर्वेक्षण नौकांनी वर्षानुवर्षे समुद्राचा तळ मोजावा लागतो. आपल्याकडे हे काम नौदलाच्या जलसर्वेक्षण विभागाकडे असून त्याचे मुख्यालय डेहराडूनला आहे. नकाशा छापला की तो जुना होऊ लागतो. गाळ साचतो, बोया हलतात, बुडालेल्या जहाजांचे सांगाडे नवे अडथळे निर्माण करतात. म्हणून नाविकांसाठी दुरुस्तीच्या सूचना नियमाने प्रसिद्ध होत असतात.

कोळी, गाबीत, दालदी समाजांतील तांडेलांनी हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या स्मरणात साठविले होते. डोंगराचे टोक आणि देवळाचा कळस एका रेषेत आला की वळायचे. दोरीला शिसे बांधून पाणी किती वाव आहे ते पाहायचे. ती विद्या आजही निरुपयोगी झालेली नाही. परंतु नौका यांत्रिक झाल्या, मासळी किनाऱ्याजवळ मिळेनाशी झाली आणि किनारा दिसेनासा होईपर्यंत आत जाणे भाग पडले, तेव्हा डोंगराच्या खुणा अपुऱ्या पडू लागल्या. तेथे पडद्यावरचा नकाशा आला.

या नकाशाचे दोन प्रकार आहेत. एक म्हणजे कागदी नकाशाचे जसेच्या तसे चित्र. दुसरा म्हणजे खोली, खडक, दिवे यांची वेगवेगळी नोंद असलेला माहितीचा साठा. यंत्र तो प्रमाणानुसार रेखाटते. दुसरा प्रकार अधिक उपयुक्त आहे, कारण उथळ पाणी आले की त्यावरून यंत्राला इशारा देता येतो. धोकाही त्यातच आहे. नकाशा लहान प्रमाणावर पाहिला की पडदा गजबजू नये म्हणून यंत्र बारीकसारीक तपशील गाळते. २०१४ च्या नोव्हेंबरात जगप्रदक्षिणेच्या शर्यतीतील एक अद्ययावत शिडाची नौका मॉरिशसजवळच्या कारगाडोस काराहोस या प्रवाळभिंतीवर रात्री जाऊन आदळली. नौकेवर उत्तम यंत्रे होती आणि निष्णात खलाशी होते. प्रवाळभिंत नकाशात होती. परंतु ज्या प्रमाणावर तो पाहिला गेला, त्यावर ती नीट दिसत नव्हती. सुदैवाने सर्वजण वाचले. मुंबईच्या किनाऱ्याजवळच, ऑक्टोबर २०१८ मध्ये, शिवस्मारकाच्या नियोजित जागेकडे निघालेली बोट पाण्याखालच्या खडकावर आदळून बुडाली आणि एका तरुणाचा प्राण गेला. ज्या समुद्रावर प्राँग्जचे दीपगृह १८७५ पासून उभे आहे, त्या समुद्रातला खडक काही नवा नव्हता.

दुसरी अडचण मापनाच्या पायाची आहे. जुने नकाशे भारतासाठी बसविलेल्या एव्हरेस्टच्या गोलमापनावर आधारलेले होते, तर उपग्रहांचे मापन जागतिक पायावर चालते. जुन्या नकाशावर उपग्रहाचे स्थान थेट मांडले, तर बिंदू शेकडो फूट सरकलेला दिसू शकतो. बंदराच्या तोंडाशी एवढे अंतर नौका फोडायला पुरेसे आहे.

निवडीचा योग्य क्रम

यावरून खरेदीचा क्रम ठरतो. बहुतेक ग्राहक प्रथम यंत्र पाहतात आणि नकाशा त्यासोबत जो मिळेल तो घेतात. वस्तुतः क्रम उलटा हवा. ज्या पाण्यात जायचे त्याचा नकाशा अधिकृत सर्वेक्षणावर आधारलेला आहे काय, किती मोठ्या प्रमाणावर आहे, शेवटची दुरुस्ती केव्हाची आणि पुढची कशी मिळणार, हे आधी पाहावे. त्यानंतर तो नकाशा चालविणारे यंत्र निवडावे. ते एकाहून अधिक उपग्रहव्यवस्थांचे संदेश घेणारे, खाऱ्या पाण्याला दाद न देणारे आणि भर उन्हात वाचता येणारे असावे. नौकेची वीज गेली तर चालणारे दुसरे लहान यंत्र, होकायंत्र आणि कागदी नकाशा जवळ असावा. खिशातला मोबाइल हा आणीबाणीचा सोबती होय. तो तांडेल नव्हे.

बाजाराची एक खोड येथे ध्यानात घ्यावी लागते. एका उत्पादकाचे नकाशे पुष्कळदा दुसऱ्याच्या यंत्रात चालत नाहीत. येडशीच्या जुन्या पिढीला याचे मर्म समजावून सांगण्याची गरज नाही. बार्शी लाइट रेल्वेचा रूळ अडीच फुटी होता. त्यामुळे कुर्डुवाडीला माल एका डब्यातून उतरवून दुसऱ्या रुळावरच्या डब्यात चढवावा लागे. त्या चढउताराचा भार शेवटी धान्य पिकविणाऱ्यावर आणि खाणाऱ्यावर पडे. रूळ रुंद व्हायला एकविसावे शतक उजाडावे लागले. नकाशांच्या जगात सर्वमान्य आंतरराष्ट्रीय प्रमाणरचना उपलब्ध आहे. जे यंत्र ती स्वीकारते तेच घ्यावे, अन्यथा आज स्वस्त वाटलेले यंत्र उद्या प्रत्येक दुरुस्तीसाठी पैसे मागत राहील.

तथापि ग्राहकाला कितीही उपदेश केला तरी मूळ प्रश्न उरतोच. यंत्र नौकेचा मालक घेतो. समुद्रावर जातो तो खलाशी. पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरीकडचे आदिवासी तरुण गुजरातच्या नौकांवर मजुरीने जातात. सागरी सीमा ओलांडल्याच्या आरोपावरून पाकिस्तानच्या तुरुंगात वर्षानुवर्षे खितपत पडलेल्यांत अशा खलाशांचा समावेश राहिलेला आहे. यंत्र जुने आहे की नवे, त्यात सीमेचा इशारा आहे की नाही, हे त्यांना कोणी विचारीत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या मराठवाड्यातील कुटुंबांना हे नाते अनोळखी नाही. उचल एकाने ठरवायची, फड दुसऱ्याने नेमायचा आणि अंग मात्र मजुराचे मोडायचे! जेथे निवड आणि जोखीम यांची अशी फारकत होते, तेथे सुरक्षिततेवरचा खर्च नेहमी अपुरा राहतो. ती उणीव भरून काढणे हे शासनाचेच काम ठरते.

शासनाने काहीच केलेले नाही, असे म्हणता येणार नाही. २०१७ च्या ओखी चक्रीवादळाने खोल समुद्रातील नौकांपर्यंत इशारा पोहोचत नाही हे उघडे पाडले. त्या वेळी केरळ-तामिळनाडूच्या साडेनऊशेच्या आसपास मच्छीमारांनी सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला येऊन जीव वाचविला. दक्षिणेतील असंख्य घरांतील कर्ते पुरुष मात्र परतले नाहीत. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथेच देशातील एक लाख नौकांवर उपग्रहाद्वारे दुहेरी संपर्क साधणारी यंत्रे बसविण्याच्या योजनेचा प्रारंभ झाला. सुमारे ३६४ कोटी रुपयांची ही योजना म्हणजे नौकेमागे छत्तीस हजारांच्या आसपास खर्च. मोबाइलचे जाळे संपते तेथेही वादळाचा इशारा मिळावा, संकटाचा संदेश किनाऱ्याला पोहोचावा आणि सीमा जवळ येताच सावध करावे, असा तिचा हेतू आहे. यात पाळत ठेवली जाईल, अशी काही मच्छीमारांची शंका अगदीच निराधार नाही. ती दूर करायची तर नोंदी कोणी, कशासाठी व किती काळ ठेवायच्या, हे नियमाने बांधले पाहिजे.

पुढचे पाऊल नकाशाचे आहे. अमेरिकेची सागरी संस्था आपल्या किनाऱ्याचे इलेक्ट्रॉनिक नकाशे कोणालाही विनामूल्य देते. आपल्याकडे सर्वेक्षणाचा खर्च करदात्याने एकदा केलेला असतो. तरीही तोच नकाशा वापरायला मच्छीमाराने पुन्हा पैसे मोजायचे, हा व्यवहार तर्काला धरून नाही. तळ एकदा मोजला की आणखी एका नौकेला त्याची प्रत देण्याचा खर्च जवळजवळ शून्य असतो. ज्याचा जादा खर्च शून्य, त्याची किंमत आकारून एखाद्या गरिबाला वंचित ठेवण्यात समाजाचा निव्वळ तोटाच होतो. भूमीवरील नकाशांची बंधने केंद्राने फेब्रुवारी २०२१ मध्ये पुष्कळ सैल केली. तीच उदार दृष्टी समुद्राच्या तळालाही लावायला हवी.

यावर सुरक्षिततेचा आक्षेप घेतला जाईल, आणि २६ नोव्हेंबर २००८ नंतर तो हलकेपणी झटकता येणार नाही. ते हल्लेखोर समुद्रमार्गे, जीपीएसच्याच आधाराने आले होते. परंतु जो शत्रू शस्त्रे आणि प्रशिक्षण मिळवू शकतो, त्याला नकाशाची किंमत अडवू शकत नाही. ती अडविते ती केवळ वसई-मुरुड-हर्णै-मालवणच्या लहान नौकाधारकाला. नौदलाचे तळ, तेलविहिरींची संवेदनशील क्षेत्रे यांचा तपशील राखून बाकीचा किनारा खुला करता येईल. उलट, आपल्या मच्छीमाराला आपण कोठे आहोत हे अचूक कळणे, हीच किनाऱ्याच्या रक्षणाची एक उत्तम तरतूद ठरेल.

तेव्हा मागणी साधी आहे. मच्छीमार नौकांसाठी महाराष्ट्राच्या किनाऱ्याचे अधिकृत इलेक्ट्रॉनिक नकाशे मराठी खुणांसह विनामूल्य मिळावेत, अनुदानाच्या यंत्रांना सर्वमान्य नकाशारचनेची अट असावी, आणि ते वाचण्याचे शिक्षण मालकाबरोबर खलाशालाही द्यावे. दीपगृह बांधताना त्या काळच्या राज्यकर्त्यांनी प्रत्येक होडीवाल्याला तुझा दिवा तू आण असे सांगितले नाही. आजच्या लोकनियुक्त शासनाने निदान तेवढे तरी औदार्य दाखवावे.