नव्या नगरसेवकाचे काम

धाराशिव जिल्ह्यात धाराशिव, तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा, मुरूम, कळंब, भूम आणि परंडा या 8 नगरपरिषदा आहेत. प्रशासकांच्या दीर्घ कारभारानंतर डिसेंबर 2025 च्या निवडणुकीने तिथे पुन्हा नगरसेवक आले. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमानुसार ठरावांची अंमलबजावणी मुख्याधिकारी करतात. त्यामुळे नगरसेवकाचे खरे बळ सभागृहात असते. सभेची नोटीस हाती पडली की विषयपत्रिका टिपणीसह वाचावी, मागील इतिवृत्त कायम होण्याआधी तपासावे, विरोध असल्यास नावानिशी नोंदवून घ्यावा. कसोटी लागते ती अर्थसंकल्पात. उजनी धरणातून पाणी आणणाऱ्या धाराशिवसारख्या शहरात पंपांचे वीजबिल कशातून भागणार, हे न विचारता स्वागतकमानीला मंजुरी देणे ही मतदारांशी प्रतारणाच. नागरिकांनीही आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाकडे ठरावांच्या प्रती मागाव्यात.