दोष चिंचेचा की पातेल्याचा?

सणावाराच्या आधी देवाची उपकरणी चिंचेने घासायची, ही आपल्याकडे घरोघरची रीत. काळवंडलेले ताम्हन, पितळेची समई चिंच-मीठ लावताच लखलखू लागते. ही किमया चिंचेतील टार्टारिक आम्लाची. ते भांड्यावरचा काळा-हिरवा थर विरघळवते आणि तो थर मोरीत वाहून जातो. पण तीच चिंच बिनकल्हईच्या पितळी पातेल्यात आमटीला घातली, तर विरघळलेले तांबे जाणार कुठे? सरळ आपल्या पोटात!

हे आज लिहिण्याचे कारण, तांब्या-पितळेची भांडी पुन्हा हौसेने स्वयंपाकघरात येऊ लागली आहेत. ‘आजीच्या काळी हीच भांडी होती’, असे लोक मला दवाखान्यात ऐकवतात. खरे आहे. पण आजीच्या दारी कल्हईवालाही येत असे. तो नवसागर टाकून कथलाचा पांढरा थर चढवी आणि त्यामुळे आंबट पदार्थ पितळेला लागत नसे. भांडी परत आली, कल्हई मात्र विसरली गेली. अशा भांड्यातले आंबट खाऊन मळमळ, उलट्या, पोटदुखी सुरू झाली की बोल लागतो चिंचेला. चिंच बंद होते, पातेले मात्र शेगडीवरच राहते. माझ्या मते हा चिंचेवर अन्याय आहे.

अर्थात चिंचेचे फाजील कौतुकही नको. आंबट म्हणजे ‘क’ जीवनसत्त्व भरपूर, हा समज चुकीचा आहे. १०० ग्रॅम गरात ते जेमतेम ३ ते ४ मिलिग्रॅम असते. लिंबात ५० च्या आसपास. शिवाय मीठ घालून साठवलेल्या चिंचेतले मीठ रक्तदाबाच्या रुग्णांनी हिशेबात धरावे.

चिंच, कोकम, ताक, टोमॅटो यांसाठी स्टीलचे किंवा मातीचे भांडे उत्तम. तांब्याच्या भांड्यात पाणी ठेवावे, सरबत ठेवू नये. लोखंडी कढईत चिंचेची आमटी काळसर होते, पण त्यात उतरणारे लोह शरीराला उपयोगीच पडते. पितळेचाच आग्रह असेल, तर कल्हई झिजताच पुन्हा करून घ्यावी आणि कथलात शिशाची भेसळ नाही याची खात्री करावी.

चिंच खुशाल खा. फक्त फोडणी घालण्यापूर्वी पातेल्यात डोकावून पाहा, आत पांढरे दिसते की पिवळे!