घर खचते ते जोत्याखालून

मृग तोंडावर आला की माळवदावर माती टाकायची, पत्र्याचे खिळे ठोकायचे, गळती बुजवायची, ही आपली जुनी वहिवाट. डोक्यावरच्या पाण्याची काळजी सगळेच करतात. पायात मुरणाऱ्या पाण्याकडे मात्र कोणी बघत नाही. भिंत तडकली, दार चौकटीत अडकू लागले, की गवंडी बोलावून भेग सिमेंटने लिंपायची. पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा उघडते. मग बोल गवंड्याला, नाहीतर सिमेंटला. खरा दोष जोत्याखाली असतो.

जुन्या माणसांनी काळी आणि पांढरी असा भेद उगाच केला नव्हता. काळी पिकाला, पांढरी वस्तीला. पुढे गावठाणे भरली, भावाभावांच्या वाटण्या झाल्या आणि घरे काळ्या रानात सरकली. ही माती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात रानातल्या भेगेत अख्खी काठी जाते हे शेतकऱ्याला सांगायला नको. तीच हालचाल दोन-अडीच फुटांच्या पायाखालीही चालते. मोरीकडची बाजू बारमाही ओली, दुसरी बाजू कोरडी. एक उचलली जाते, दुसरी बसते, आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून भिंत तिरकी फाटते.

आता घरात पाणीही वाढले. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटरचे माप धरले. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर झाले. त्यातले बहुतेक मोरीतून बाहेर पडते. ते जाते कुठे? नळ दाराशी आला, नाली आली नाही, म्हणून ते भिंतीच्या मुळाशीच जिरते.

घरधन्याने करण्यासारखे बरेच आहे आणि त्याला फार पैसा लागत नाही. घराभोवती तीन फूट रुंदीचा पक्का पट्टा करावा, उतार बाहेरच्या अंगाला ठेवावा. पत्र्याला पन्हाळ लावून पागोळ्यांचे पाणी दूर सोडावे. मोरीचे पाणी पाइपाने नालीपर्यंत किंवा परसातल्या केळी-अळूपर्यंत न्यावे. शोषखड्डा भिंतीपासून निदान दहा फूट लांब हवा, आणि काळ्या मातीत तो नीट जिरत नाही हेही ध्यानात ठेवावे. घुशीची बिळे दिसताच खडी-मुरूम ठोकून बुजवावीत. भिंतीतून उगवलेला पिंपळ कोवळा असतानाच मुळासकट काढावा. भेगेवर काचेची पट्टी सिमेंटने चिकटवून तारीख लिहावी. पट्टी तडकली तर भेग वाढते आहे असे समजून जाणत्याला दाखवावे. नुसता गिलावा केसासारखा तडकला असेल तर घाबरू नये.

नवे घर बांधणाऱ्याने आधी खड्डा घेऊन मुरूम किती खोल लागतो ते बघावे. जवळ लागला तर पाया तिथपर्यंत न्यावा. काळी माती फारच खोल असेल तर रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केलेला, खाली फुगीर गड्डा असलेल्या खांबांचा पाया आहे. त्याला इंजिनिअरचा सल्ला हवाच. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात जाड दगडी भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली माणसे गाडली गेली. त्यानंतर भिंती-छपरांचा विचार झाला, पाया मात्र अजून गवंड्याच्या अंदाजावरच चालतो.

घरकुलाचे हेच दुखणे आहे. काम कुठवर आले याचा फोटो चढतो आणि हप्ता सुटतो. फोटोत जोते दिसते, जोत्याखालचे दिसत नाही. गरिबाने कर्ज काढून, हप्त्यात पदरचे घालून बांधलेले घर पाच पावसाळ्यांत फाटले तर दुसरे कोण देणार? पायाचा चर उघडा असतानाच अभियंत्याने जागेवर जाऊन बघावे, मगच भरू द्यावा. एका फेरीचे काम आहे.

आणि गल्लीतल्या सिमेंट रस्त्यांचे काय? जुन्या रस्त्यावर नवा थर, त्यावर आणखी एक. रस्ता चढत जातो, घरे खड्ड्यात जातात आणि गल्लीचे पाणी उंबऱ्याशी येते. जुना थर उकरल्याशिवाय नवा टाकायचा नाही, रस्त्याची पातळी जोत्याच्या खाली राहील आणि नालीशिवाय अंदाजपत्रक होणार नाही, असा ठराव ग्रामसभेने करावा. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी तो पाळावा. रस्त्याचे बिल एकदा निघते. त्या पाण्याने फाटलेली भिंत घरधन्याला जन्मभर सांभाळावी लागते.